टाचेवरची पट्टी

आमच्या जावा बेटावर पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेणं. भात करपला तरी पाहुणा ‘छान झालाय’ म्हणतो, आणि यजमानीण ‘कुठलं काय’ म्हणत तोच भात पुन्हा वाढते. वेनिंग पालुपी याच मातीतली. बत्तीस वर्षं याच हवेत वाढलेली. तरीही कारांगसारी वाडीत पोरांची वजनं घेणाऱ्या सेविकांनी पाच महिन्यांच्या तीनशे बारा नोंदी तिच्या हातात ठेवल्या आणि त्यांत फक्त चार ठिकाणी ‘पट्टी सुटली’ असं लिहिलेलं निघालं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली नाही. ती आनंदानं तीन रात्री नीट झोपली. जास्त शिकलं की साध्या गोष्टी दिसेनाशा होतात, त्यातलाच हा प्रकार.

पट्टी म्हणजे तिचं डॉक्टरेटचं काम. विद्यापीठात तीन विभागांनी मिळून एक प्रकल्प काढला होता. समाजशास्त्रवाल्यांना गावातल्या बायकांनी चालवलेली चळवळ समजून घ्यायची होती. बालरोगवाल्यांना न्यूमोनियानं जाणारी मुलं वेळेवर हाती लागायला हवी होती. आणि वेनिंगच्या इलेक्ट्रॉनिक पदार्थांच्या प्रयोगशाळेत वीज वाहून नेणारी एक शाई वर्षानुवर्षं बाटल्यांत पडून होती, ती एकदाची कुणाच्या तरी उपयोगी पडावी अशी तिथल्या सगळ्यांची इच्छा होती. त्या शाईनं वेनिंगनं रबराच्या चिकाच्या पातळ पडद्यावर रेघा छापल्या, एक उजेड टाकणारा ठिपका बसवला, एक उजेड टिपणारा. पट्टी बाळाच्या टाचेला गुंडाळायची. शेजारच्या डबीवर आकडा येतो, रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा. पंच्याण्णवच्या वर असेल तर बाळ ठीक. नव्वदच्या खाली गेला तर मोटारसायकल काढायची आणि दवाखाना गाठायचा.

कारांगसारीच्या बायकांनी हे मागून घेतलं होतं, तेही भांडून. तीन वर्षांपूर्वी वाडीतलं एक मूल श्वास लागून गेलं. वजनाच्या दिवशी सेविकांनी त्याला काट्याला लावलं होतं, वजन बरोबर भरलं होतं, कार्डावरची रेघ हिरव्या पट्ट्यात होती, आणि चौथ्या दिवशी ते गेलं. तेव्हा मुख्य सेविका तुगिनेमबाई, आमच्या बोलीत बू तुगिनेम, सतरा बायका घेऊन तालुक्याच्या कचेरीवर गेली. बायकांनी घोषणा दिल्या नाहीत. वजनाचे सगळे काटे त्यांनी कचेरीच्या फाटकाला टांगले, खाली रिकाम्या झोळ्या लोंबत सोडल्या आणि चटया टाकून बसल्या. साहेब बाहेर आले तेव्हा बू तुगिनेम उठून म्हणाली, “साहेब, हा काटा पोर जड की हलकं एवढंच सांगतो. ते मरणार आहे का, हे सांगणारं काहीतरी द्या.” पुढे पेपरात फोटो आला. मग विद्यापीठ आलं.

तर त्या शुक्रवारी वेनिंग स्कूटरवरून वाडीत आली ती खुल्या परीक्षेची आमंत्रणं घेऊन. परीक्षा दहा दिवसांवर होती. आमच्याकडे डॉक्टरेटची शेवटची परीक्षा सगळ्यांसमोर होते, आईवडील, शेजारी, कुणीही येऊन बसावं. सेविकांना पहिल्या रांगेत बसवायचं असं तिनं ठरवलं होतं. सोबत खाऊचे डबेही होते. एरवी ती आदल्या दिवशी निरोप धाडायची. या वेळी आनंदाच्या भरात राहून गेलं.

सभागृहात वजनाचा दिवस चालला होता. वेनिंग घरचीच झालेली, सगळ्यांची म्बाक, म्हणजे ताई, म्हणून पुढच्या दारानं न जाता मागच्या स्वयंपाकाच्या दारानं शिरली. मोठ्या पातेल्यात मुलांसाठी मुगाची खीर रटरटत होती. दाराशी तिनं चपला काढल्या आणि आतलं बोलणं तिच्या कानावर आलं.

बू तुगिनेम चटईवर मांडी घालून बसली होती, मांडीवर सात महिन्यांची एक गोरीगोमटी मुलगी. समोर लास्मी, सेविकांमधली सगळ्यांत धाकटी, तेवीस वर्षांची.

“धर गं नीट,” बू तुगिनेम म्हणाली.

लास्मीनं पट्टी अंगठ्यानं दाबून धरली. अंगठा काढला. पट्टी घसरून चटईवर पडली.

“पडली.”

“पडू दे. श्वास मोज.”

लास्मीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले आणि मुलीचं पोट वरखाली होताना ओठ हलवत मोजत राहिली. पूर्ण एक मिनिट. “छत्तीस.”

“निळ्या वहीत छत्तीस लिही. आणि म्बाक वेनिंगच्या वहीत?”

“सत्त्याण्णव?”

“परवा तिन्ही पोरांना सत्त्याण्णवच वाटलंस. हिला अठ्ठ्याण्णव दे, गुटगुटीत आहे.”

बाजूच्या बायका खुदखुदल्या. कुणीतरी म्हणालं, “माझ्या नातवालाही द्या की अठ्ठ्याण्णव, बू. शेजारणीच्या पोराला मिळालेत.” बू तुगिनेम म्हणाली, “त्याचं नाक पूस आधी, मग देते.”

वेनिंगच्या हातातले डबे तिच्या हातातच राहिले. खीर ढवळणाऱ्या बाईनं मान वळवली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अगंबाई, म्बाक वेनिंग!”

लास्मीनं निळी वही बू तुगिनेमकडे सरकवली आणि बू तुगिनेम, वय एकसष्ट, तीन तालुक्यांत जिचा दरारा, ती जराशी उठली आणि त्या वहीवर बसली.

“या या, म्बाक!” ती म्हणाली. “कळवलं नाहीत ते. चहा टाका गं कुणीतरी.”

चहा आला, तळलेलं सोयाबीनचं तेम्पे आलं, मुगाची खीर आली. वेनिंग बसली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळे सगळ्या विषयांवर बोलले. यंदा भाताला उंदीर फार. कुणाची मुलगी हाँगकाँगला कामाला गेली. मिरची किती तिखट झाली. वेनिंगही हो ला हो करत राहिली, कारण तीही जावानीजच, थेट विचारायची तिची जीभ कुठे धजते? पण तिचा हात आपसूक चटईवर पडलेल्या पट्टीकडे गेला. ती उचलून तिनं बोटांत चोळली. पट्टी मऊ लागली, जरा फुगलेली, कडा वर वळलेल्या. रेघेला डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी चीर. मग तिनं ती नाकाशी नेली.

बडीशेप, खोबरेल आणि नाक मोकळं करणारा तो झोंबरा वास. तेलोनचं तेल. आमच्याकडे बाळ जन्मलं की दुधाच्या आधी घरात येतं ते. अंघोळ झाली की पोटाला, छातीला, पाठीला, तळपायांना. वेनिंगच्या आईनं तिला लावलं होतं, आईच्या आईनं आईला. बाळाचा वास म्हणजे तेलोनचाच वास, दुसरा कुठला वास बाळाला असतो हे आमच्यातल्या कुणाला माहीतच नाही.

प्रयोगशाळेत तिनं पट्टी कशाकशात बुडवली नव्हती! खारट पाण्यात, साबणाच्या पाण्यात, बनावट घामात, दुधात. एकदा तर बालरोग विभागातून बाळाची शू मागवून तिच्यातही दोन दिवस ठेवली होती, त्यावरून विद्यार्थ्यांनी तिची भरपूर थट्टा केली. तेलोनचं तेल तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. इतकं जवळचं होतं की दिसलंच नाही. आणि रबराला तेल म्हणजे काळच. ते त्यात मुरतं, रबर फुगतं, वरच्या शाईच्या रेघा तडकतात, पट्टी टाचेवरून सुटते आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरून आकडा उगाच चढा दाखवते.

“बू,” तिनं जपून विचारलं, “पट्टी कधीकधी थोडी सुटते का?”

“थोडी,” बू तुगिनेम म्हणाली. “अगदी थोडीशी. तुमची पट्टी फारच चांगली आहे हो.”

“आज बाळांना तेल जरा जास्त लावलंय का?”

“वजनाच्या दिवशी लावणारच. विद्यापीठाच्या बाई पोराला हातात घेणार, त्याला काय तसंच आणायचं? मी सगळ्या आयांना सांगूनच ठेवलंय.”

म्हणजे आदरापोटी दुप्पट तेल. वेनिंगला हसावं की रडावं कळेना. तिनं खिरीचा वाडगा खाली ठेवला. बू तुगिनेमनं ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं हे तिला दिसत होतं, आणि अजून तासभर असंच मिरचीवर बोलत राहता येईल हेही दिसत होतं. तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा वडीलधाऱ्या माणसासमोर सरळ विषयाला हात घातला.

“बू, पुढच्या महिन्यात अशा चारशे पट्ट्या निघणार आहेत. चाळीस वाड्यांना. डोंगरापलीकडे, समुद्राकडे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच मंजुरी मिळाली.”

बू तुगिनेमच्या हातातला चहाचा पेला थांबला. “चाळीस? आम्हाला वाटलं, आमच्यापुरतंच आहे. तुमच्या परीक्षेपुरतं.”

“तिथल्या सेविका आकडा बघतील आणि बाळाला घरी पाठवतील. तिथे तुम्ही नसणार, बू.”

मग बू तुगिनेम उठली. वय एकसष्ट, गुडघे कुरकुरले. खालची निळी वही तिनं उचलली, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसली आणि दोन्ही हातांनी वेनिंगपुढे धरली.

शाळेची साधी वही. आत लास्मीचं टपोरं अक्षर. प्रत्येक मुलाचं नाव, मिनिटाचे श्वास, आणि पुढे एक शब्द. पडली. पडली. राहिली. फुगली. पडली. पडली. वेनिंग पान उलटत गेली, मनात मोजत गेली. तीनशे बारापैकी एकशे एक्केचाळीस.

“माझ्या वहीत मग चार का लिहिल्या?” तिनं विचारलं.

“एकही नाही लिहिली तर खोटं वाटेल ना,” लास्मी म्हणाली. आणि हे बोलून गेल्यावर तिनं ओढणीनं तोंड झाकलं.

“आणि ही वही कशाला ठेवलीत?”

या प्रश्नाचं बू तुगिनेमला नवल वाटलं. “ही पोरांची वही आहे. पोरांच्या वहीत खोटं कसं लिहायचं?”

वेनिंग आणखी एक पान उलटून थबकली. तिथे एकच नोंद लांबलचक होती. दामार, आठ महिने. पट्टीवर सत्त्याण्णव. श्वास चौसष्ट. बरगड्या आत ओढतोय. मोटारसायकलनं नेला. दवाखान्याच्या यंत्रावर चौऱ्याऐंशी.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “दामार कोण?”

कोपऱ्यात खिरीच्या वाडग्यात मनगटापर्यंत हात घालून बसलेल्या एका पोराकडे लास्मीनं नुसतं बघितलं. “माझा,” ती म्हणाली.

“तुझा?”

“बूंनी बघितलं. मी तर आकड्यावर विश्वास ठेवून त्याला पाळण्यात घालत होते. बू म्हणाल्या, डबी गेली खड्ड्यात, त्याच्या बरगड्या बघ. सहा दिवस ऑक्सिजनवर होता. आता बघा कसा खादाड झालाय.”

“आणि त्या दिवशी माझ्या वहीत तू सत्त्याण्णव लिहिलंस.”

“पट्टीवर सत्त्याण्णवच होतं की,” लास्मी पुटपुटली. मग तिचा बांध फुटला. “मी कसं सांगणार, म्बाक? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही तीन दिवस आमच्या मागच्या अंगणात बसून भांडी घासलीत. शिकलेल्या बाईनं. तुम्हाला तोंडावर सांगू की तुमच्या पट्टीनं माझं पोर घालवलं असतं?”

बू तुगिनेमनं तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुमच्या आधी आठ जण येऊन गेले विद्यापीठातून,” ती वेनिंगला म्हणाली. “प्रश्न विचारले, फोटो काढले, तेम्पे खाल्लं, गेले. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. तुम्ही आलात. तिसऱ्यांदा आलात. पोरांची नावं तुम्हाला पाठ झाली. तेव्हा आम्ही ठरवलं, या मुलीला पास करायचं. दामारच्या दिवसापासून आम्ही कुठल्याच पोराला पट्टीच्या भरवशावर ठेवलं नाही, श्वास मोजतो. आमच्या पोरांना धोका नव्हता. म्हटलं, आकडे तुमचे तुम्हाला लागतात, तर चांगले द्यावेत.”

उपकाराची जाण ही फार मोठी गोष्ट, सगळेच सांगतात. उपकार असेही फेडले जातात, हे कुणी सांगत नाही. पाच महिने सतरा बायकांनी आपलं मन राखलं, आपल्यासाठी खोटं बोलल्या, आणि त्याच वेळी एकाही मुलाबाबत खोटं बोलल्या नाहीत, हे वेनिंगला त्या चटईवर बसून एकदम कळलं. आपलं सगळं काम फसलं आहे हेही कळलं. ती लास्मीच्या पोराला मांडीवर घेऊन बसली. त्यानं तिच्या कुडत्याला खीर पुसली.

परत येताना वाटेत एका गोष्टीचा विचार तिनं केला हे लपवण्यात अर्थ नाही. निळी वही बायकांकडेच होती. दहा दिवसांनी परीक्षा. सेमारांगच्या महाविद्यालयात तिची शिकवायची जागा ठरलेली होती, या सत्रात पदवी हातात पडली तरच. चारशे पट्ट्या जायच्या आधी तेलाची गोष्ट गुपचूप सुधारता येईल, असं तिचं एक मन म्हणत राहिलं. स्कूटर एका पुलाशी थांबवून ती पंधरा मिनिटं तिथे उभी होती. मग सरळ विद्यापीठात गेली.

तिचे मार्गदर्शक मार्गोनो सर, आमच्याकडे म्हणतात तसं पाक मार्गोनो. साठीला टेकलेले, रबर आणि शाई यांत हयात घालवलेली, बोलणं कमी. तिनं सगळं सांगितलं. निळ्या वहीचे तिनं फोनवर काढलेले फोटो दाखवले. पाक मार्गोनोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तेलोन,” ते म्हणाले.

“हो, पाक.”

“माझी तीन मुलं. तिघांना मी स्वतः लावलेलं आहे. बायको म्हणायची, तुम्हाला जमत नाही, बोटं जाड आहेत.” त्यांनी फोन तिला परत दिला. “तेलात रबर फुगतं हे मी दर वर्षी पहिल्या वर्गाला शिकवतो. दर वर्षी.”

“परीक्षा पुढे ढकलावी लागेल, पाक.”

“सेमारांग?”

“जाईल.”

“सहा महिने तरी लागतील. वर्षही लागेल. मी फोन करून बघतो, पण ते थांबायचे नाहीत.” मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. “पट्ट्या थांबवायचं पत्र तू लिहितेस की मी?”

“मीच लिहिते.”

“बरं.” ती दाराशी पोचल्यावर त्यांनी हाक मारली. “वेनिंग. ज्या बाईनं बरगड्या बघितल्या, तिचं नाव प्रबंधात जायला हवं. आभाराच्या पानावर नाही. कामात.”

सेमारांगची जागा गेली. वेनिंगची आई आठवडाभर फोनवर बोलली नाही आणि मग एका रविवारी ताज्या माशांचं लोणचं घेऊन तिच्या खोलीवर येऊन बसली. कामाला नव्यानं सुरुवात झाली. बू तुगिनेम आणि लास्मी बसनं शहरात आल्या, प्रयोगशाळेत आल्या, पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर रांगेनं मांडल्या. दुकानातली तेलं चार तऱ्हेची, शिवाय डोंगराकडच्या आज्या घरी करतात ते, दाट आणि हिरवट. “हे सगळ्यांत वाईट,” लास्मी म्हणाली. “यानं तर स्टुलाचा रंगही जातो.” महिनाभर त्या प्रयोगशाळेला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता. वेनिंगनं चिकाचं रबर सोडलं, तेलाला न जुमानणारा दुसरा पातळ पडदा शोधला, शाई त्यावर नव्यानं बसवली.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पहिली नवी खेप वाडीत गेली तेव्हा सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, “छान आहे, म्बाक. फार छान.” निळ्या वहीत मात्र चाळीसपैकी अठरा पडलेल्या. वही आता बायका वेनिंगला दाखवायच्या, एवढं झालं होतं. पण वहीत ‘पडली’ एवढंच असतं. का पडली, कुठून सुटली, बाळानं पाय कसा झाडला, हे बायकांच्या जिभेवर असतं, आणि जीभ ‘छान’च्या पुढे जात नव्हती. आणि चाळीस वाड्यांत निळ्या वह्या कुठून येणार? पट्टी वाईट आहे हे तोंडानं सांगणारं माणूस नसेल, तर कितीही चांगली पट्टी एक दिवस कुणाचं तरी पोर घेऊन जाणार. वेनिंगची झोप आता यापायी उडाली.

तिनं एकदा बू तुगिनेमला गाठलं. “बू, तुम्ही साहेबांना फाटकात उभं राहून सुनावलंत. सगळ्या तालुक्यासमोर. मग मला का नाही सांगत?”

“साहेब परका होता,” बू तुगिनेम म्हणाली. “परक्याला बोलायला काय जातं?”

“मग मलाही परकी समजा. पोरांसाठी.”

बू तुगिनेमनं मान हलवली. “ते नाही जमायचं हो,” ती म्हणाली, आणि वेनिंगला तिच्या परसातली पपई बांधून दिली.

दुसरी खेप गेली. ‘छान.’ वहीत अकरा पडलेल्या. वेनिंगनं आभार मानले आणि पुन्हा कामाला लागली. पाक मार्गोनो म्हणाले, हाच वेग राहिला तर तू माझ्याबरोबर निवृत्त होशील.

तिसऱ्या खेपेच्या वेळी भाताची कापणी झाली होती. सभागृहात गर्दी होती, चाळीसएक पोरं, त्यांच्या आया, बालरोग विभागाची एक डॉक्टरही मुद्दाम आलेली. दामार आता चालायला लागला होता आणि सगळ्यांच्या चपला एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवत होता. वेनिंग बू तुगिनेमसमोर मांडी घालून बसली होती. बू तुगिनेमच्या मांडीवर एक पाच महिन्यांचं मूल होतं, अंगाला तेल, दुप्पटच, कारण डॉक्टरीणबाई येणार होत्या.

बू तुगिनेमनं पट्टी गुंडाळली. आकडा आला, शहाण्णव. बाळानं पाय झाडला. तिनं पट्टी नीट केली. पुन्हा झाडला. ती वाकून बघत राहिली. तिनं पट्टी काढली, उलटी केली, तिच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग लास्मीकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, त्या सगळ्या आयांकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. वेनिंगनं सवयीनं ‘छान’ ऐकायची तयारी केली.

“हे चांगलं नाही,” बू तुगिनेम म्हणाली.

खीर ढवळायचं थांबलं. कुणाच्या तरी हातून चमचा पडला. लास्मीनं दोन्ही हात तोंडावर नेले. पाहुण्यांसमोर, शिकलेल्या बाईसमोर, डॉक्टरीणबाईंच्या देखत! एका म्हातारीनं हलकेच “अरे देवा” म्हटलं.

बू तुगिनेम थांबली नाही. “मागच्यापेक्षा बरं आहे. पण चांगलं नाही. टाचेकडून सुटत नाही आता, पायाच्या अंगठ्याकडून सुटतंय. टोक कडक आहे, पोराला टोचतंय, म्हणून ते पाय झाडतंय.” एवढं बोलून तिनं श्वास घेतला. एक मोठं काम उरकल्यासारखे तिचे खांदे खाली आले.

वेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. या वाडीनं तिला आजवर पपया दिल्या, तेम्पे दिलं, चांगले आकडे दिले, खुल्या परीक्षेला येऊ म्हणून शब्द दिला. यातलं काहीच या ‘चांगलं नाही’पुढे उभं राहू शकत नव्हतं. आदरानं बोलायचे सगळे मोठमोठे शब्द तिला येत होते, आईनं लहानपणी घोटून घेतलेले. त्यातला एकही तोंडातून आला नाही. तिनं पुढे वाकून बू तुगिनेमचा हात धरला, कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

“थँक्यू, बू,” ती म्हणाली. “अजून सांगा.”

“अजून?” बू तुगिनेमनं विचारलं. तिनं बाळाला लास्मीकडे दिलं, आपला हात सोडवून घेतला आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “मग नीट बस तू. बरंच आहे.”